लेझर कापड कापत नाही

कार्यानुभवाच्या तासाला बाई पतंगाच्या कागदाची चौघडी घालायला लावायच्या आणि कात्रीने कडेकडेचे कोपरे उडवायला सांगायच्या. घडी उलगडली की जाळी तयार. गणपतीच्या दिवसांत तीच जाळी सुतळीला डकवली की झाली पताका. हाच खेळ मी एकदा घरातल्या जुन्या वॉयलच्या साडीवर केला. मार खाल्ला ती गोष्ट वेगळी, पण खरा धडा दोन दिवसांनी मिळाला. धुण्यातून निघालेली माझी जाळी जाळी राहिलीच नव्हती, दशांचा नुसता गुंता झाला होता.

कागद आणि कापड यांच्यातला फरक इथेच आहे. कागदातले तंतू एकमेकांत रुतून चिकटलेले असतात. कात्री कुठूनही फिरवा, कड जागच्या जागी राहते. कापडात ताणा आणि बाणा नुसते एकमेकांना अडवून उभे असतात. एक धागा मध्येच तोडला की त्याने धरून ठेवलेले शेजारी सैल पडतात, त्यांच्यामुळे त्यांचे शेजारी. म्हणून हाताच्या कटवर्कची रीत उलटी असते. आधी नक्षीच्या कडेने काजाचा दाट टाका घालून घ्यायचा आणि मगच आतलं कापड टोकदार कात्रीने कातरायचं. टाका आधी, भोक नंतर. एका ब्लाउजच्या पाठीवर पाच-सहा पानं उमटवायची तर दोन दुपारी सहज जातात.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी एका लग्नात शेजारच्या बाईंच्या सुरती साडीचा काठ पाहिला तेव्हा मी जेवण सोडून तोच बघत बसले. काठाच्या कडेने पिंपळपानं कापलेली, पानांत शिरांच्या जागी बारीक चिरा, आणि कुठे टाका म्हणून नाही. दशाही नाहीत. कड बोटाने चाचपली तर किंचित कडक लागली, वाळलेल्या फेविकॉलच्या रेघेसारखी. "लेझर कटिंग आहे," बाई म्हणाल्या, आणि शिऱ्याकडे वळल्या.

हे कसं होतं ते बघायला मी बारामतीच्या एमआयडीसीत गेले. ही एमआयडीसी म्हटलं की बाहेरच्यांना पियाजिओच्या रिक्षा आठवतात. पण याच वसाहतीत हाय-टेक टेक्स्टाइल पार्कही आहे, केंद्र सरकारने २००५ साली आणलेल्या एकात्मिक वस्त्रोद्योग पार्क योजनेतून उभा राहिलेला. पाळी सुटली की गेटमधून बाहेर पडणाऱ्या गर्दीत बायकाच जास्त दिसतात. मला मात्र जायचं होतं ते या मोठ्या शेडमध्ये नाही, तर रस्त्याकडेच्या एका लहान गाळ्यात. तिथे एमडीएफच्या नेमप्लेट, शाळांच्या ट्रॉफ्या, लग्नाच्या पत्रिकांचे लाकडी खोके असलं सगळं लेझरवर कापून मिळतं. पिशवीत घरातल्या चिंध्या भरून घेतल्या: जुनं पॉपलिन, पॉलिस्टरचं जॉर्जेट, एक फेल्टचा तुकडा, जीनच्या पायाची पट्टी, थोडं रेक्झीन, आणि फाटलेल्या पैठणीच्या पदराचा हातभर तुकडा. मशीन चालवणारा मुलगा विशी-बाविशीचा. त्याने पिशवी टेबलावर ओतली आणि पहिल्यांदा रेक्झीन उचलून बाजूला टाकलं. "हे नाय, ताई. हे मशीन खातंय." त्याचं कारण पुढे येईलच.

मशीन म्हणजे एक लांबट पेटी, झाकणाची. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी, तिच्यावर कापड पसरायचं. वर एक डोकं आडवं-उभं फिरतं आणि त्याखाली एक लाल टिपका पळताना दिसतो. बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की हा लाल उजेडच कापतोय. मलाही वाटलं. "लाल टिपक्यानं नाय कापत, ताई. ते नुसतं जागा दाखवायला. कापणारं दिसत नाय." आणि ते खरंच दिसत नाही. कापणारा किरण अवरक्त असतो, १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा. डोळ्याला दिसणाऱ्या लाल उजेडाच्या सोळा-सतरा पट लांब लाट.

तो निघतो पेटीच्या मागच्या बाजूला आडव्या ठेवलेल्या काचेच्या नळीतून. नळीत तीन वायू मिसळलेले: कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम. वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब दिला की नळी जांभळट गुलाबी उजळते. नळी तापू नये म्हणून तिच्याभोवती सतत गार पाणी खेळवावं लागतं. निघालेला किरण तीन आरशांवरून वळत वळत डोक्यात येतो आणि तिथल्या भिंगातून एका बिंदूवर गोळा होतो. हे भिंग साध्या काचेचं चालत नाही, कारण १०.६ मायक्रोमीटरच्या किरणाला काच भिंतीसारखी असते. ते झिंक सेलेनाइडचं असतं, पिवळसर, जुन्या खडीसाखरेसारखं दिसणारं.

हिशेब करून पाहा. ८० वॅटची नळी म्हणजे घरातल्या पंख्याइतकीच ताकद. पण ती ०.२ मिलीमीटर व्यासाच्या ठिपक्यात कोंबली की तिथली तीव्रता चैत्रातल्या दुपारच्या उन्हाच्या सुमारे पंचवीस लाख पट होते. लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळला असेल, त्याचाच हा थोरला भाऊ.

आता एक गोष्ट, जी त्या गाळ्यात सांगितली तेव्हा मुलाने मशीन थांबवलं. ही कार्बन डायऑक्साइडची नळी ज्या माणसाने शोधली तो बारामतीत जन्मला. चंद्रकुमार नारणभाई पटेल, जगात ओळख कुमार पटेल या नावाने. जन्म २ जुलै १९३८. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले. पहिला लेझर त्याच्या आदल्याच वर्षी, १९६० साली, थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला होता. पटेलांनी कार्बन डायऑक्साइडचा लेझर १९६४ मध्ये जगासमोर ठेवला तेव्हा ते जेमतेम पंचविशीतले होते. पुढे १९९६ साली त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञानपदक मिळालं.

मुलाचं म्हणणं एवढंच: "मग मशीनवर चायनाचंच नाव का?"

पटेलांच्या डोक्यात काय आलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण कापडाचं सगळं गणित तिथूनच सुरू होतं. तोवरचे वायूचे लेझर अणूंवर चालत. अणूतला इलेक्ट्रॉन खूप वर चढवायचा आणि तो थोडासा खाली उतरला की तेवढ्या उतारातून प्रकाश मिळवायचा. चढाई मोठी, मिळकत थोडी. आपल्या जिरायत भागातल्या माणसाला हे लगेच कळेल: दहा परस खोल आडातून पोहरा ओढायचा आणि घरी पोचेपर्यंत तांब्याभर पाणी उरायचं. पटेलांनी अणू सोडून रेणू धरला. कार्बन डायऑक्साइडचा रेणू म्हणजे मध्ये कार्बन आणि दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, सरळ रेषेत. तो स्प्रिंगने जोडलेल्या तीन गोट्यांसारखा हलत राहतो, आणि त्या हलण्याच्या पायऱ्या जमिनीलगतच असतात. आड उथळ. ओढलेल्यातलं बरंच पाणी घरी येतं.

पहिल्या प्रयोगात नुसत्या कार्बन डायऑक्साइडमधून हजारांश वॅटच्या घरातली ताकद मिळाली. मग त्यांनी नायट्रोजन मिसळला. नायट्रोजनचा रेणू विजेच्या धक्क्याने सहज हलायला लागतो, आणि त्याच्या हलण्याची लय कार्बन डायऑक्साइडच्या एका लयीशी जवळजवळ जुळते. एका आडव्या दोरीला सारख्या लांबीचे दोन लंबक बांधा, एकाला झोका द्या, थोड्या वेळाने दुसराही हलायला लागतो. तसंच इथे. नंतर हेलियम घातला. तो उष्णता पटकन नळीच्या भिंतीपर्यंत नेऊन टाकतो आणि खाली उतरलेल्या रेणूंना पुढच्या फेरीसाठी मोकळं करतो. वर्ष-दोन वर्षांत ताकद शंभर वॅटच्या घरात गेली. म्हणजे प्रकाशाने काही कापता येईल, अशी वेळ आली.

पण नुसती ताकद पुरत नाही. किरण वस्तूने गिळायला हवा. इथे योगायोग असा, की कापूस असो वा पॉलिस्टर, त्यांच्या रेणूंत कार्बन आणि ऑक्सिजनच्या जोड्या ठासून भरलेल्या असतात, आणि त्या जोड्यांच्या हलण्याची लय या लाटेच्या आसपासच पडते. म्हणून पातळसं जॉर्जेटही हा किरण पिऊन टाकतं. पांढरं-काळं असा भेदही तो फारसा करत नाही. रंग डोळ्याला दिसतो तो वेगळ्या लाटांमुळे. इथे रंगाला किंमत नाही, धागा कशाचा आहे त्याला आहे.

तर त्या दिवशी आम्ही जॉर्जेटपासून सुरुवात केली. ८० वॅटच्या नळीला तीस टक्क्यांवर आणून वेग सेकंदाला १०० मिलीमीटर. म्हणजे चोवीस वॅट भागिले शंभर, दर मिलीमीटरला पाव ज्यूलपेक्षाही कमी. सर्रकन पान कापून निघालं. मी धागे मोजायचं भिंग सोबत नेलं होतं, कापड दुकानदारांकडे असतं तसलं घडीचं. त्यातून कड पाहिली तर धाग्यांची टोकं कापलेली नव्हती. प्रत्येक टोकावर इवलासा मणी होता, आणि शेजारशेजारचे मणी एकमेकांना चिकटून सलग माळ झाली होती. पॉलिस्टर २५५ ते २६० अंश सेल्सियसला वितळतं. किरण पुढे सरकतो, मागे राहिलेला वितळलेला थेंब निमिषात गोठतो आणि कडेला पक्की गाठ बसते. लग्नातल्या साडीला टाका का लागला नाही, ते या माळेत होतं.

मग पॉपलिन घेतलं. तीच नक्षी, तोच वेग. पान निघालं, पण कडेला तपकिरी पट्टा आणि हातात घेतल्यावर जळक्या कागदाचा वास. कापूस वितळतच नाही. तो म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. तापवत नेला की त्याचा रेणू तुटतो, वाफ आणि धूर होऊन उडून जातो आणि कडेला कोळसा राहतो. मणी नाही, माळ नाही. भिंगातून पाहिलं तर धाग्याची टोकं ब्रशसारखी मोकळी दिसत होती, फक्त करपलेली. म्हणजे सुती कापडाला लेझरने भोक पाडता येतं, पण दशांपासून सुटका होत नाही.

जळक्या कागदाचा वास उगीच येत नाही. कागदही सेल्युलोजच. इंदापूर तालुक्यात भिगवणला कागदाची मोठी गिरणी आहे. तिथल्या कागदात आणि माझ्या पॉपलिनमध्ये किरणाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. म्हणून सुती कापडाचा आकार आधी साध्या कागदावर कापून बघावा. कापड वाया जात नाही आणि चूक लगेच कळते.

करपणं कमी करायचे दोन-तीन उपाय हाती लागले. वेग वाढवायचा आणि दोनदा फिरवायचं. एकदा हळू नेण्यापेक्षा दोनदा जोरात नेलेलं बरं. किरणाबरोबर हवेचा झोत सोडायचा, म्हणजे धूर कडेवर बसत नाही. कापडाला खळ द्यायची. ही आजीच्या काळातली युक्ती इथे दुहेरी कामी येते: कापड ताठ होऊन जाळीवर सपाट बसतं, आणि कापताना फडफडत नाही. किंचित ओलं ठेवलं तरी फायदा होतो, कारण पाणी हा किरण हावऱ्यासारखं पितं आणि कडेची उष्णता वाफेबरोबर निघून जाते. मात्र फार ओलं केलं तर कापलंच जात नाही, हे मी दोन तुकडे फुकट घालवून शिकले.

कोपऱ्यांचं दुखणं वेगळं. डोकं सरळ रेषेत पळतं तेव्हा वेग पूर्ण असतो, पण पानाच्या टोकाशी वळताना त्याला थांबावं लागतं. थांबलं की त्या ठिकाणी उष्णता साचते आणि नेमकं टोक करपतं. म्हणून या मशीनमध्ये दोन ताकदी भरायच्या असतात, एक पळतानाची आणि एक वळतानाची. माझ्या पहिल्या पाच पानांची टोकं काळी झाली ती हे न कळल्यामुळे. मुलगा गालात हसत होता, पण बोलला नाही. सहाव्या पानाला त्याने स्वतःच आकडा कमी केला.

ह्या आकड्यांचं कोष्टक छापून मिळत नाही, आणि मिळालं तरी त्यावर विसंबू नये. एका दुकानातलं पॉपलिन आणि दुसऱ्या दुकानातलं पॉपलिन यांत मिसळ निघते. चाळीस टक्के पॉलिस्टर असेल तर कड अर्धी वितळते, अर्धी करपते आणि काळे खडबडीत दाणे उरतात. म्हणून आधी कडेचा एक धागा ओढून काडीने जाळून पाहायचा, जे कापड दुकानदार गिऱ्हाइकासमोर करतात. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसून कडक गोळी होते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. काडेपेटीची ही परीक्षा लेझरपेक्षा कितीतरी जुनी आहे आणि लेझर लावण्याआधी तीच करावी लागते, याची मला फार गंमत वाटली. त्यानंतर त्या कापडाच्या कोपऱ्यावर लहान चौकोन कापायचे, एका दिशेने वेग वाढवत, दुसऱ्या दिशेने ताकद. कुठला चौकोन स्वच्छ सुटला ते बघायचं. दहा मिनिटांचं काम.

नक्षी काढताना मात्र मशीनपेक्षा डोकं जास्त लागतं. संगणकावर काढलेली सुंदर जाळी कापडात उतरली की गळून का पडते? पाण्याच्या टाकीवर, ट्रकच्या पाठीवर पत्र्याच्या छाप्याने आकडे रंगवलेले आठवा. शून्य तिथे कधीच पूर्ण गोल नसतं, वर-खाली दोन ठिकाणी तुटलेलं असतं. पूर्ण गोल कापला तर मधली टिकली खाली पडते आणि शून्याऐवजी काळा ठिपका उमटतो. 'ब'चं पोट, 'व'चं पोट, सगळ्यांची हीच गत. मधल्या बेटाला काठाशी जोडणारा पूल ठेवावाच लागतो.

कापडात या पुलाला आणखी एक अट असते. साध्या सुती कापडात इंचाला साठेक धागे धरले तर एका मिलीमीटरच्या पुलात दोन-अडीच धागे येतात. दोन धाग्यांवर पान किती दिवस लोंबकळणार? पूल पाच मिलीमीटरचा केला तर बारा धागे मिळतात, आणि तोही ताण्याच्या किंवा बाण्याच्या सरळ दिशेने हवा, म्हणजे ते धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जातात. तिरपा पूल काढला तर एकही धागा पूर्ण पलीकडे पोचत नाही. सगळे मध्येच कापले जातात. कडेच्या बाबतीत बरोब्बर उलटं. तिरप्या कडेला दशा कमी सुटतात, सरळ कडेला भराभर. म्हणजे पूल सरळ आणि कड तिरपी, असं साधायचं. शिवणकाम करणाऱ्या बायकांना उरेब कापडाचा हा स्वभाव पाठ असतो. संगणकावर नक्षी काढणाऱ्या मुलांना बहुधा नसतो.

वजा करून शोभा आणायची ही हिकमत बारामतीला नवी नाही. अठराव्या शतकात इथे राहिलेल्या मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण रचलं, ज्यात ओठ जुळवून उच्चारायचं अक्षर येऊ द्यायचं नाही. प, फ, ब, भ, म सगळी गाळलेली. म्हणजे रामकथेत खुद्द 'राम' हा शब्दच बाद. एवढं भोक पाडूनही कथा सुटून पडत नाही, याचा अर्थ पूल कुठे ठेवायचे ते पंतांना कळत होतं.

फेल्टने सगळ्यात मजा आणली. फेल्ट विणलेलं नसतंच, तंतू एकमेकांत दाबून बसवलेले असतात, त्यामुळे दशांचा प्रश्नच नाही. त्यात विटांच्या बांधकामासारख्या एकाआड एक सरकवलेल्या आडव्या चिरा पाडल्या. काहीच काढून टाकलं नाही, नुसत्या चिरा. हातात घेऊन ओढलं तर ताठ फेल्ट जाळ्यासारखं ताणलं गेलं. खिडकीला लावायची एक्सपांडेड पत्र्याची जाळी अशीच होते: पत्र्याला चिरा द्यायच्या आणि ओढायचं. मग चिरांची दिशा एकाआड एक आडवी-उभी बदलली, चौकोनांच्या कोपऱ्यांवर बारीक सांधे ठेवले. आता लांबीत ओढलं की तुकडा रुंदीतही वाढायला लागला. रबर ओढलं की बारीक होतं, हे मात्र ओढलं की फुगत होतं. चौकोन कोपऱ्यांवर गरागरा फिरतात म्हणून असं होतं. मुलाने ते चार वेळा ओढून पाहिलं आणि मोबाइलवर व्हिडिओ काढला.

एवढं सगळं असताना टेक्स्टाइल पार्कसारख्या ठिकाणी कपडा लेझरवर का कापत नाहीत, हा प्रश्न मला परतताना पडला होता. उत्तर कटिंग टेबलावर असतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचे थर एकावर एक अंथरून जाड 'ले' लावतात, वर मार्करचा कागद, आणि कटिंग मास्तर उभ्या पात्याचं मशीन त्यातून फिरवतो, हातात लोखंडी कड्यांचा विणलेला मोजा घालून. एका फेरीत शंभर शर्टांच्या बाह्या सुटतात. लेझरने शंभर थर कापायचे म्हटलं तर खालपर्यंत किरण बारीक राहत नाही, आणि पॉलिस्टर असेल तर शंभर कडा वितळून एकमेकींना चिकटतात. बाह्यांच्या जागी एक वडी मिळते. अमेरिकेत हा सामना पूर्वीच होऊन गेला. ह्यूज एअरक्राफ्टने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जेनेस्को या कपडे कंपनीसाठी सुटाचं कापड एकेका थराने कापणारं लेझर यंत्र बनवलं. जवळपास त्याच वेळी जोसेफ गर्बर यांनी संगणकावर चालणारं पात्याचं यंत्र आणलं, जे थरांतली हवा खालून ओढून त्यांना दाबून बसवतं आणि मग एकदम कापतं. कपड्यांच्या धंद्यात पातं जिंकलं. लेझरकडे उरलं ते पात्याला न जमणारं काम: जाळी, बारीक अक्षरं, ॲप्लिकचे तुकडे, गाडीतल्या एअरबॅगचं नायलॉन.

आणि जीन. माझ्या पट्टीवर मुलाने ताकद अगदी कमी करून एक पान 'कोरलं'. कापड कापलं गेलं नाही, नुसतं फिकट पान उमटलं. निळ्या जीनचा रंग धाग्याच्या सालीपुरताच असतो. नीळ आतपर्यंत मुरत नाही, गाभा पांढरा राहतो. किरण साल उडवतो, पांढरं दिसतं. नव्या जीनला 'जुनं' करायला पूर्वी तिच्यावर रेतीचा झोत मारत. ती रेतीची धूळ मारणाऱ्याच्या छातीत जाऊन सिलिकोसिस होई; तुर्कस्तानात इतके तरुण कामगार आजारी पडले की तिथल्या सरकारने २००९ मध्ये ही पद्धत बंद केली. आता ते काम मोठ्या कारखान्यांत लेझर करतो, दोन झटपट हलणाऱ्या आरशांवरून किरण नाचवून. फॅशनसाठी माणसांची फुफ्फुसं गेली, त्यापुढे लेझरची किंमत कसली, असं माझं मत आहे.

अर्थात लेझरचा धूरही काही उदबत्तीचा नव्हे. पॉलिस्टरच्या धुरात ॲसिटाल्डिहाइड असतं, डोळे चुरचुरतात. ॲक्रिलिक लोकरीच्या स्वेटरमधून सायनाइडचा वायू निघू शकतो (ट्रॉफीचा ॲक्रिलिक पत्रा वेगळा, नावावर जाऊ नये). आणि रेक्झीन बहुतेक वेळा पीव्हीसीचं. त्यात क्लोरीन असतं. तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, तो माणसाच्या नाकात जातो, मशीनच्या रुळांवर बसून गंज चढवतो. मशीन खातं ते असं. शंका आली तर तांब्याची तार गॅसवर लाल करून तिला तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. हिरवी ज्योत दिसली तर तो तुकडा घरी परत. ही तपासणीही खिडकी उघडून, दूर उभं राहून.

पैठणीचा तुकडा शेवटी राहिला. लावू की नको, असं माझं बराच वेळ चाललं होतं. "ताई, फाटलेलाच हाये," मुलगा म्हणाला. लावला. रेशमाने केस जळाल्याचा वास सोडला आणि कडेला काळे ठिसूळ दाणे आले, नखाने खरवडले की पूड होणारे. पण तुकडा सुटेना. ओढून पाहिला तरी सुटेना. भिंग लावलं तेव्हा दिसलं की रेशीम सगळीकडे कापलं गेलं होतं, आणि जरीच्या तारा मात्र त्या भोकातून आडव्या, चकाकत, जशाच्या तशा उभ्या होत्या. जुनी जरी रेशमावर चांदीची चपटी तार गुंडाळून, तिला सोन्याचा मुलामा देऊन केलेली असते. आणि सोन्यावरून हा किरण परततो. मशीनच्या पोटातले आरसे सोन्याच्या मुलाम्याचे असतात ते त्यासाठीच.

मुलाने झाकण उघडलं, ड्रॉवरमधून धागे तोडायचा छोटा कटर काढला आणि एकेक तार तोडायला बसला.